पोळपाटावरचा रेडिओ

आमच्या घरी पोळ्या उशिरा होतात, कारण पोळपाटावर रेडिओ बसलेला असतो.

माझे बाबा, धम्मानंद, नागपूरच्या जरीपटक्यात कपडे अल्टर करून देतात. दिवस मावळला की शिलाई मशीन बंद, आणि दूरची मीडियम वेव्हची स्टेशनं पकडणं सुरू. सेलवरचा रेडिओ पोळपाटासकट हळूहळू फिरवायचा. एका कोनात नागपूरचा दणदणीत आवाज दबतो आणि त्याच्यामागून कुठलं तरी लांबचं गाव बोलायला लागतं. मग ती खरखर, ते 'कुईंऽऽ', तो बुडून वर येणारा निवेदक, सगळं मी तोंडाने काढते. बाबा दोनदा फसलेत.

त्या संध्याकाळी मात्र बाबांनी दम दिला होता, "आज तोंड उघडलं तं पाह्यजो!"

दीक्षाताई लग्न होऊन सांगलीला गेली आणि तिथल्या रेडिओवर हंगामी निवेदक झाली. साडेसहाला तिची पहिली घोषणा. जेमतेम चार वाक्यं. मी फोनवर ऐका म्हटलं तर बाबा उखडले, "फोनात तं कोणीबी येते. हवेतून आली पाह्यजे." ताईनेही बजावलं होतं, "नाही आली तं नाही म्हणा. माहं मन राखाले खोटं बोलू नका."

साडेसहा व्हायला आले, आणि सांगलीच्या जागी नुसतं 'घूंऽऽ'.

"टीव्ही बंद करा. फ्रिज बंद करा."

"अवो, दूध नासन ना!" आई म्हणाली.

"नासू दे!"

घूंऽऽ तसंच. बाबांनी मेन स्विचच पाडला. आणि घूंऽऽचं 'घ्यँऽऽऽ' झालं.

"आता काहून वाढून राहिलं बे?" बाबा रेडिओवरच खेकसले.

लाइट गेले होते, तरी मला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता. मी वर बघितलं. लाइट गेले की आपोआप पेटणारा चार्जिंगचा बल्ब! आईबाबा अंधारात नकोत म्हणून ताईनेच जाताना बटणाशिवाय जोडून दिलेला.

"बाबा, तो बल्ब!"

बाबा स्टुलावर चढले, बल्ब काढला. तो हातातही पेटलेलाच.

"अवो, बुडाले हात लागला का पेटते तो! काचेकडून धरा!" आई ओरडली.

बल्ब विझला. घ्यँऽऽ थांबलं. उरली नुसती बारीक खरखर. बाबांनी अंधारात पोळपाट चाचपला, नखभर फिरवला. आणखी नखभर.

लांबून कोणीतरी खाकरलं.

"नमस्कार..."

बाबांनी झटकन माझ्या तोंडावर तळहात दाबला. आवाज चालूच राहिला. मग त्यांना पटलं. पण हात काढायचं विसरले.

"...मी दीक्षा..." आवाज खाली गेला, वर आला, पुन्हा खरखरीत बुडाला.

थोड्या वेळाने फोन वाजला. "बाबा, आली का मी? खरं सांगा."

"तू आधी खाकरली."



"अगं बाई! माईक चालू होता?"

"चालू होता म्हणून तं..." बाबांनी फोन आईच्या हातात दिला.

ते खाकरणं मी आता हुबेहूब काढते. ताई माहेरी आली की लाटणं घेऊन मागे धावते. लाटणं तेवढं मोकळं असतं.