साडूंची मॅट

आमच्या साडूंइतका वस्तूंवर जीव लावणारा माणूस अख्ख्या पुण्यात सापडणार नाही, आणि त्याच वस्तू वापरायला इतका भिणाराही सापडणार नाही. कर्वेनगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये फ्रीजच्या दारावर कंपनीनं लावलेलं पातळ प्लॅस्टिक अजून तसंच आहे. दोनदा गॅस भरून झाला, पण फ्रीजनं कात टाकली नाही. सोफ्याला कव्हर, कव्हरवर चादर, आणि पाहुणे येणार असं कळलं की चादरीवर टॉवेल. लग्नातला सूट पिशवीत आहे. तो एकदा पिशवीबाहेर आला होता याला पुरावा म्हणजे लग्नाचे फोटो, आणि त्या फोटोंवरही प्लॅस्टिक आहेच. कोणी चेष्टा केली तर ते शांतपणे म्हणतात, "वस्तू टिकली की माणसाची किंमत कळते." याचा अर्थ मला पंचवीस वर्षांत लागलेला नाही, पण ते इतक्या गंभीरपणे सांगतात की मान डोलवावीच लागते.

साडू एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, यांनी ट्रक घेतला. खरं तर तो छोटा टेम्पोच, पण तसं म्हटलेलं त्यांना खपत नाही. "टेम्पो भाड्यानं आणतात. हा ट्रक आहे," असं लगेच ऐकवतात. वारज्याच्या पुढच्या एका नर्सरीतून रोपं, कुंड्या आणि शेणखत भरायचं आणि दर शनिवारी सोसायट्यांमधल्या गच्चीवरच्या बागांना पोचवायचं, हा त्यांचा उद्योग. शेजारच्या सीटवर ताई, म्हणजे साडूंची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण. एखादं नाजूक रोप मांडीवर धरून त्या बसायच्या आणि घरोघरी उतरून कुठल्या झाडाला पाणी किती घालायचं ते समजावायच्या. साडू ट्रक चालवतात आणि ताई धंदा चालवतात, असं आम्ही म्हणायचो.

त्या ट्रकच्या केबिनमध्ये खाली गालिचा नव्हता, काळं गुळगुळीत व्हिनाइल होतं. माती पडली की फडकं मारायचं, काम संपलं. साडूंना ते इतकं आवडलं की रोज सकाळी देव पुसावेत तसं ते पुसायचे. एका शनिवारी कुंडीतलं पाणी त्यावर सांडलं, चढताना ताईंचा पाय सटकला आणि गुडघा दारावर आपटला. महिन्याभरात गुडघा बरा झाला, डॉक्टरांनी खुशाल हिंडाफिरा म्हणून सांगितलं, पण मनातली भीती काही जाईना. "तुम्ही जाऊन या. मी आपली घरीच बरी," एवढंच त्या म्हणायच्या. कुंड्या उतरवायला साडू मग अधूनमधून मला सोबत न्यायचे. पण एखाद्या गिऱ्हाइकानं "ताई नाही आल्या?" असं विचारलं की ते कुंडी उचलण्यात फार गुंतल्यासारखं दाखवायचे, आणि त्यांचा चेहरा मला बघवत नसे. शेवटी एक दिवस त्यांनी मला सांगून टाकलं, "न सरकणारी मॅट मिळाली की ती येईल." आणि तोवर त्या रिकाम्या सीटवर माझी नेमणूक झाली.

मॅट म्हणजे दुकानात जायचं, दाखवा म्हणायचं आणि घेऊन यायचं, अशी माझी भाबडी समजूत. नाना पेठेतल्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात साडू पिशवी घेऊन शिरले. पिशवीत गॅरेजमधून मागून आणलेला व्हिनाइलचा हातभर तुकडा, पाण्याची बाटली आणि कागदाच्या पुडीत कुंडीतली माती. दुकानाच्या फरशीवर त्यांनी तुकडा अंथरला, माती भुरभुरली, पाणी शिंपडलं, वर मॅट ठेवली आणि चपला काढून उभे राहिले. दुकानदार गल्ल्यावरून न उठता म्हणाला, "काका, मॅट घ्यायचीय की भात लावायचाय?"

"सरकते का ते बघू, मग काय ते ठरवू," साडू म्हणाले.

ती सरकली. कापडी मॅटच्या पाठीला बारीक काटे असतात, ते गालिच्यात रुततात. व्हिनाइलवर ते बिचारे कशात रुतणार? दुसरी मॅट सपाट रबराची निघाली, खाली पाणी गेल्याबरोबर तिची होडी झाली. तिसरीची कड इतकी उंच की ताई अडखळल्या असत्या. एक सगळ्या परीक्षा पास झाली, पण तिच्या वासानं ताईंचं डोकं दुखेल म्हणून तीही नापास. चार महिन्यांत आम्ही पेठेतली सगळी दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानात पुन्हा गेलो तेव्हा भिंतीवर नवी पाटी होती, 'दुकानात माती आणू नये.' मी शरमेनं मान खाली घातली. साडूंनी पाटी दोनदा वाचली आणि समाधानानं म्हणाले, "म्हणजे आपल्या आधी कोणी नीट तपासत नव्हतं."

आणि त्याच दुकानात ती सापडली. जाड रबर, कड जेमतेम बोटभर, पाठीला दाट खाचा. ओल्या व्हिनाइलवर ठेवून मी आणि दुकानदारानं मिळून ओढली, तरी जागची हलली नाही. साडूंनी माती झाडून पुडीत परत भरली आणि दुकानदारानं, मॅट गुंडाळता गुंडाळता, ताईंच्या गुडघ्याची चौकशी केली.

पुढच्या शनिवारी बऱ्याच मनधरणीनंतर ताई सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरल्या. साडूंनी केबिनचं दार उघडलं. मॅट अगदी नेमकी बसली होती, आणि तिच्यावर जाड पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीनं ताणून लावलेलं होतं. ताईंनी पाय ठेवला, तो घसरला, आणि त्यांनी तो झटकन मागे घेतला.

"अहो, मॅट कुठेय?"

"ही काय, खाली आहे ना."

"मग मी पाय कशावर ठेवतेय?"

"नवी आहे गं. मळेल नाहीतर."

ताई लिफ्टकडे वळल्या. साडूंचा चेहरा पडला. चार महिने ज्याच्यासाठी वणवण केली ते आपणच झाकून ठेवलं, हे त्यांना तेव्हा कुठे उमगलं असावं. ते खाली वाकले, नखानं चिकटपट्टी उकरली आणि सगळं प्लॅस्टिक टराटरा ओढून काढलं. त्याची घडीसुद्धा घातली नाही, बोळा करून माझ्या हातात कोंबला.

"मळू दे," ते म्हणाले. "ये तू."

ताई लिफ्टपाशी थांबल्या होत्या. त्या परत आल्या, साडूंच्या खांद्यावर हात ठेवला, मॅटवर पाऊल दाबून पाहिलं आणि चढल्या. मला भरून आलं, ते लपवण्यात काही अर्थ नाही.

ट्रकला सीटा दोनच. "संध्याकाळी या हं घरी, पोहे करते," असं ताई खिडकीतून म्हणाल्या आणि ट्रक गेटबाहेर पडला. साडूंनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

चार महिने मी बायकोपाशी कुरकुर केली, की तुझ्या मेहुण्यांपायी माझी शनिवारची झोप गेली आणि अंगाला शेणखताचा वास लागला. आता आठपर्यंत लोळायला कोणाची आडकाठी नाही, तरी सहाला जाग येतेच. चहा करून मी खिडकीशी उभा राहतो. थोड्या वेळानं ट्रक आमच्या गल्लीच्या तोंडावरून वारज्याकडे जातो. ताई काहीतरी सांगत असतात, साडू मान हलवत असतात. हॉर्न वाजवतील म्हणून मी हात वर करायच्या तयारीत असतो. त्यांना गप्पांतून सवड होत नाही, आणि माझा चहा मात्र निवून जातो.