उभी बाई बसली तो दिवस

उभी बाई आमच्या घरी दोन वर्षं येत-जात होती, पण बसली एकदाच. आमच्या सोप्यावर, म्हणजे दारातल्या बांधीव बाकावर, आल्यागेल्याला आधी टेकायला लावायचं ही आमची रीत. पोस्टमन टेकतो, मासळीवाली टेकते, मतं मागायला येणारे तर उठतच नाहीत. ही बाई मात्र उंबऱ्याशी उभ्यानं पाणी प्यायची आणि तांब्या खाली ठेवायच्या आत स्वयंपाकघरात पोचायची. तिथून परसात, परसातून विहिरीवर. सासूबाई वैतागायच्या. "आगो, बस मगे! पायांक भिंगरी लायल्या काय तुझ्या?" बाई कोल्हापूरकडची. ती तिच्या हेलात म्हणायची, "बसलं की लोक मला पावणी समजत्यात, आई. आणि पावणीला खरं कोण सांगतंय?"

ती समाजशास्त्राची प्राध्यापक. त्या काळात सुर्ल्याकडच्या आमच्या वाडीतून खनिजाचे ट्रक दिवसभर नदीच्या धक्क्याकडे धावायचे. तिथून माल बार्जमधून वास्कोच्या बंदरात. ट्रकांसाठी गावाबाहेरून वेगळा रस्ता काढायचा की नाही, हे सरकारला ठरवायचं होतं, आणि लोकांना खरंच किती त्रास होतो याचा अभ्यास बाईकडे आला होता. मला काही उमजेना. रस्त्याला लागते खडी, लागतं डांबर. त्यात समाजशास्त्र कुठे घालतात?

मी तेव्हा चाळिशीत आणि महिला मंडळाची सेक्रेटरी. सेक्रेटरीनं नेमकं काय करायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं, पण खांद्याला पर्स लावल्याशिवाय मी गोठ्यातसुद्धा जात नसे. बाई येणार म्हटल्यावर मी वाडीभर हुकूम सोडला: गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे, घरं लखलखीत करा! बायकांनी जनेलं, म्हणजे खिडक्या, पुसल्या, तुळशीची पानं धुतली, रस्त्यावर पाणी मारलं. मग बाईनं दारोदार विचारलं, धुळीचा त्रास होतो? जिथे तिथे एकच उत्तर. "ना गो बाय, आमचें सगळें बरें." घरटी एक तरी माणूस ट्रकावर कामाला, माझ्या दिरांचा तर स्वतःचाच ट्रक. शिवाय परक्यापुढे गाऱ्हाणं काढायचं म्हणजे लाजच. मी तर पर्स पोटाशी धरून चक्क भाषण ठोकलं, आमचा गाव किती आदर्श आहे म्हणून. आज ते आठवलं की त्या सेक्रेटरीच्या डोक्यात तीच पर्स घालावीशी वाटते.

उभी बाई रागावली नाही. पुढच्या वेळी न कळवता सकाळीच आली आणि धुळीचं नावसुद्धा काढलं नाही.

"उठल्यावर आधी काय करता, वहिनी?"

"जनेलं पुसते."

"मग?"

"सोपो झाडते. मग आतलं. दुपारी परत सोपो."

"कपडे कुठं वाळवता?"

"आत. बाहेर घातले तर विटकरी होतात."

"आणि ह्याला तुम्ही त्रास म्हणत नाही?"

सासूबाई मधेच म्हणाल्या, "त्रास कसलो? हें बायलांचें कामच न्ही?"

बाई अंगणात येरझारा घालायला लागली. पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, परत गुंडाळायचं. मग थांबून म्हणाली, "आधी जे साहेब येऊन गेले, त्यांनी घरं बघितली आणि लिहून टाकलं, धूळ नाही. वहिनी, तुमची केरसुणी ट्रकांच्या बाजूनं साक्ष देत्या!"

मला राग आला. मी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

त्यानंतर ती प्रत्येक घरातल्या बायकांमागे त्यांचं काम बघत फिरली. अहवाल पणजीला गेला, तरी तिला चैन नव्हतं. उगाचच यायची, अंगणाच्या कडेला उभी राहून ट्रक बघायची. मी म्हटलं, तुमचं काम झालं ना आता? म्हणाली, "कपाटात गेलेला अभ्यास म्हणजे रद्दी, वहिनी. त्यातनं रस्ता निघाला तर काम झालं." तिचं बघून मलाही बसवेना. तोवर तो रस्ता सरकारचा होता, आता तो माझाही झाला होता.

शेवटी सरकारची समिती स्वतः बघायला येणार असं ठरलं, आमच्याच घरी. बाई सासूबाईंचे हात धरून म्हणाली, "एवढा एक दिवस झाडू नका, आई."

सासूबाई हबकल्याच. "लोक येतले आनी घर पारोसें? सरकार येऊं, देव येऊं, झाडल्याबगर हांव कोणाक घरांत घेवंची ना!" नुसतं झाडून त्या थांबल्या नाहीत, तर पेटीतली पांढरीशुभ्र चादर काढून सोप्यावर अंथरली. बाईनं कपाळाला हात लावला. मग त्या चादरीकडे बघतच राहिली. "असू दे, आई," ती म्हणाली, "ताणून अंथरा चांगली." आणि माझ्या कानाशी लागून, "वहिनी, चहा उशिरा आणा."

उशिरा! मी आदर्श गावची सेक्रेटरी, माझा चहा गाडीचा आवाज आल्याबरोबर तयार होता.

तिघे साहेब आले, चादरीवर बसले. "घर तर छान स्वच्छ आहे की," मोठे साहेब म्हणाले. आणि उभी बाई समोरचं कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून त्यावर बसली! पायावर पाय टाकून, जन्मभर तिथंच बसल्यासारखी. कोल्हापूरच्या गुळाबद्दल बोलली, हवेबद्दल बोलली. बाहेरून ट्रकामागून ट्रक चालले होते. मी ट्रे घेऊन दाराआड, ती डोळ्यांनीच मला परतवते, आणि सासूबाई माझ्या पाठीत बोट खुपसून "चा व्हर गो, चा व्हर!" म्हणतायत. दोनदा ओतला, दोनदा गार झाला.

अखेर चहा झाला आणि साहेब उठले. चादरीवर ते बसले होते तेवढे तीन तुकडे पांढरे. बाकी चादर तांबडी.

 सासूबाई रडकुंडीला आल्या. "आतांच घाल्ली ती. देवाशपथ, आतांच घाल्ली." मोठ्या साहेबांनी चादरीवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. "आजी, हे रोज पुसता तुम्ही?"

मला वाटलं, आता येणार, आमचें सगळें बरें. पण सासूबाई खाली बसल्या आणि म्हणाल्या, "पुसून पुसून हात गेले रे पुता."

रस्ता झाला, लगेच नाही, पण झाला. पहिला ट्रक बाहेरून गेला त्या दिवशी बाई नव्हती. पेडण्यात लोकांच्या जमिनी जात होत्या, तिथे ती कुणाच्या तरी दारात उभी होती. निरोपाला आली तेव्हाही उभ्यानंच पाणी प्यायली. मी म्हटलं, आता तरी बसा. "आता बसले तर उठवणार नाही मला," ती हसत म्हणाली. ती वारल्याचं दोन वर्षांनी पेडण्याच्या माझ्या लेकीकडून कळलं.

मधली कितीतरी वर्षं खाणी बंद होत्या. आता पुन्हा सुरू होतायत. बाहेरचा रस्ता खचलाय म्हणून ट्रक गावातून सोडायचं चाललंय, काही तर आधीच घुसायला लागलेत. गेल्या आठवड्यात एक मुलगी टॅब घेऊन दारात आली. "आजी, शून्य ते पाच, धुळीचा त्रास किती?" माझ्या सुनेनं नुकतंच घर झाडलेलं. ती आतून ओरडली, "आम्हांला काही त्रास नाही हां!"

माझ्या पायात वळवळायला लागलं. सासूबाईंची चादर पुन्हा कधी पांढरी झाली नव्हती. मी कपाटातली नवी काढली आणि सोप्यावर ताणून अंथरली.

"बस गो बाय."

"आजी, मला अजून खूप घरं करायचीयत."

"चहा टाकते," मी म्हटलं. आणि आत जाऊन, गॅस न पेटवता, उभी राहिले.