मामांचे सात माड

जावयाची पारख जोरांवरून करणारा माणूस अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. हे माझ्या बायकोचे मामा. मी त्यांच्याच गावच्या मराठी शाळेत मास्तर. मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीची मंडळी माझा पगार विचारायच्या बेतात होती, तोच मामा झोपाळ्यावरून गरजले, "जोर किती काढता?" घाबरून मी "पन्नास" म्हणालो. "काढा!" नवऱ्या मुलीच्या देखत कोट उतरवून मी अकरापर्यंत पोचलो आणि पोह्यांच्या बशीशेजारी आडवा झालो. मामा म्हणाले, "थापाड्या आहे, पण अकरा निघाले. द्या मुलगी."

स्वतः मामांनी जन्मात एक जोर काढला नव्हता. लहानपणी धावायला जागा नाही म्हणून माडावर चढले, पडले, आणि उजवा गुडघा कायमचा आखडला. तेव्हापासून साऱ्या जगाचा व्यायाम त्यांनी झोपाळ्यावर बसून घेतला. कमरेला सुंभाची दोरी असायची. आल्यागेल्याची छाती तिने मोजायचे. सत्यनारायणाला आलेल्या भटजींनाही "श्वास भरा!" म्हणायला ते चुकले नाहीत. बाकी माणूस असा चिक्कू, की कुंपणापलीकडे नारळ पडल्याचा आवाज आला की भरल्या ताटावरून उठून तो आणायला जायचे.

आमच्या गावात समुद्रापासून रस्त्यापर्यंत नुसत्या नारळाच्या वाड्या. शाळेची कवायत पडवीत चाले. "हात वर" म्हटलं की पोरांची बोटं वाशांना लागत. एकदा अलिबागेहून शाळा-तपासनीस साहेब आले आणि म्हणाले, "दिवाळीपर्यंत पटांगण दाखवा, मल्लखांब, लेझमी आणि कवायतीचा मास्तर देतो. नाहीतर ते शेजारच्या गावाला जातील."

मामा गावकऱ्यांवर खवळले. "दोन माडांत सोळा हात जागा सोडता ना रे? मग पोरांना का नाही?"

आमच्याकडे देवाला माड सोडायची चाल आहे. त्या माडाचे नारळ देवळात जातात. मामा लंगडत घरोघर फिरले, "शाळेला एकेक माड सोडा, त्या नारळांवर जागा घेऊ." गाव काय उदार म्हणून सांगू! पंचवीस माड सुटले. पाड्याच्या, म्हणजे नारळ उतरवायच्या दिवशी मात्र बघतो तर एकाचा शेंडा विजेने जळालेला, एक शेजाऱ्याच्या हद्दीत झुकलेला, बाकीचे बहुतेक वांझ. पंचवीस माडांचे मिळून नारळ नऊ, त्यांतले दोन उंदरांनी पोखरलेले. मामांनी अख्ख्या आळीचा उद्धार केला. "देव बघतो म्हणून त्याला चांगला देता, आणि पोरं बघत नाहीत होय!"

माझी बायको हळूच म्हणाली, "मामा, तुम्ही कोणता सोडलात?"

मामा कमरेची दोरी सोडून पुन्हा बांधू लागले. त्यांनी सोडलेला विहिरीजवळचा माडही वांझच होता.

दोन दिवस झोपाळा हलला नाही. तिसऱ्या सकाळी त्यांनी शाळेला लागून असलेल्या आपल्या वाडीत तोडणाऱ्या गड्याला बोलावलं. तिथले सात माड त्यांच्या आईने हाताने लावलेले, आणि सातही भरघोस नारळ देणारे, लागते. गडी मागे सरला. "मामा, लागता माड हाय. पाप हाय तं. कुराड न्हाय लावायची मी."

"पाप माझं. आण इकडे." मामांनी एकेका माडाला हात लावून नमस्कार केला आणि सातही माडांवर पहिला घाव स्वतः घातला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला सांगायला लाज नाही, मीही नाही.

दिवाळीपर्यंत त्या जागी पटांगण झालं आणि साहेबांनी शब्द पाळला. मल्लखांब आला, मास्तर आला. सातव्या माडाचं खोड मामांनी बसण्यापुरतं ठेवून घेतलं आणि झोपाळ्यावरचा आरडाओरडा तिथे हलवला. पोरांनीही शिवाशिवीत नवा नियम काढला: मामांना हात लावला की सुटका.

एकदा ते मला म्हणाले, "जावईबापू, धावताना कानात वारा घुमतो म्हणतात. खरं का हो?"

पन्नास जोरांची थाप मारणारा मी, पण त्या दिवशी उगाच लेझमी मोजत बसलो. तेवढ्यात एक पोरगं धापा टाकत येऊन त्यांच्या गळ्यात पडलं. मामा ओरडले, "सुटला रे, सुटला! खबरदार शिवाल तर!"

आता मामा नाहीत. खोडही वाळवीने खाल्लं. पण शिवाशिवीत पोरं अजून धावत त्या रिकाम्या जागेवर येतात आणि "मामा!" म्हणून ओरडतात. मग त्यांना कुणी शिवत नाही.