सावलीतली जागा

आकाशपाळण्याच्या रांगेतून एक गृहस्थ हात उंचावून ओरडले, "अगं, या लवकर! आला आपला नंबर." समोरच्या झाडाखालून त्यांची बायको दोन पोरांना ओढत धावली. मागचे लोक कुरकुरले, पण सरकले.

आमच्याकडेही हीच रीत होती. बागेत असो की दवाखान्यात, मुलांचे बाबा म्हणायचे, "तुम्ही सावलीत बसा, मी नंबर लावतो." तासभर उन्हात उभं राहून त्यांची मान भाजून निघायची. मला ते प्रेम कधी वाटलंच नाही. रांगेत उभं राहणं हे त्यांचं काम, एवढंच वाटायचं. आपल्यासाठी कुणी किती वेळ उभं आहे, हे सावलीत बसलेल्याला कळत नाही.

ते गेल्यानंतर मुलांना घेऊन मी पहिल्यांदाच इथे आले होते. आल्या आल्या झाडाखाली बसले आणि शंकरपाळ्यांचा डबा उघडला. अर्धा तास तरी गेला असेल. धाकटा म्हणाला, "आई, आपला नंबर कधी येणार गं?"

मी सवयीने रांगेकडे पाहिलं. रांगेत आमचं कुणीच उभं नव्हतं.

आठ वर्षांच्या लेकीने माझ्याकडे पाहिलं, मग रांगेकडे. हाताला लागलेला चुरा तिने फ्रॉकला पुसला आणि ती उठली.

"तुम्ही दोघं सावलीत बसा," ती म्हणाली, "मी नंबर लावते."