एका कानाचा जॅझ

ऑपरेशननंतर माझ्या धाकट्या भावाला गाणी नकोशी झाली. गालाचा कॅन्सर होता. जबड्याचा तुकडा काढावा लागला, तोंड दोन बोटांएवढंही उघडेना. कुणी मोबाइलवर गाणं लावलं की तो हाताने बंद करायची खूण करायचा. मला वाटलं, आवाजाचा त्रास होत असेल. एकदा चिडून विचारलं तेव्हा बंद दातांतून म्हणाला, "शब्द नको लावू ताई. शब्द आले का तोंड आपोआप हलते. मंग दुखते."

हा माणूस बडनेऱ्याला रेल्वेत नोकरीला आणि बाकीच्या वेळात एका गायन पार्टीत ढोलकीवर. एप्रिलमध्ये, जयंतीच्या महिन्यात, तो घरात कधी दिसला नाही. आज दर्यापूर, उद्या आणखी कुठलं गाव, आणि गालात तंबाखूचा खर्रा. खर्ऱ्यावरून मी आयुष्यभर त्याच्याशी भांडले. आता त्यावर बोलण्यात अर्थ उरलेला नाही, पण राग उरला आहे, तो का लपवू?

शेक, म्हणजे रेडिएशन, आणि केमो अकोल्याला घ्यायचं ठरलं, कारण मी अकोल्याला होते. मी शाळेत गणित शिकवते, लग्न केलं नाही, घरात एक खोली रिकामी. भावजय मुलांच्या शाळेपायी अमरावतीला अडकलेली. तेव्हा तो माझ्याकडे राहायला आला. शेक रोज असायचा, आणि आठवड्यातून एकदा केमोची दिवसभराची सलाईन. त्या दिवशी मी रजा टाकून त्याच्या पलंगाशी बसायची. वॉर्डातल्या टीव्हीवर बातम्यांचं भांडण चालू असायचं. ते ऐकण्यापेक्षा काहीही बरं, म्हणून मी बिनशब्दांचं संगीत शोधायला लागले.

पहिल्यांदा बासरी लावली. "हे झोपवते," तो म्हणाला. "झोपवाले इथं सुया हायेतच." बासरी बंद केली. पुढच्या वेळी मोबाइलनेच आपल्या मनाने काहीतरी लावलं. खाली जॅझ असं लिहिलेलं होतं. मोठ्या हॉटेलांत जेवताना वाजतं ते, एवढंच मला ठाऊक. बंद करायला गेले तर त्याने माझं मनगट धरलं.

इअरफोन एकच, वायरवाला. एक बोंडूक त्याच्या कानात, एक माझ्या.

"हे बरं हाय," तो म्हणाला. "माणसं कामाले लागली हायेत. गाणारा अजून आला नाई."

मला मात्र नुसता एक सॅक्सोफोन ऐकू येत होता. मागे ठेका नाही, साथ नाही. एकटाच बिचारा बोलत सुटलेला. मी म्हटलं, "अरे, गाणाराच तर आहे. बाकीचे कुठे आहेत?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू केमो त्याला नाही, मला लागली आहे.

हा वाद आठवडेच्या आठवडे चालला. त्याच्या मते या संगीतात चांगले मजूर होते आणि मालकाचा पत्ता नव्हता. माझ्या मते मालक होता आणि त्याला घरच्यांनी टाकलेलं होतं. तो म्हणायचा, तुले ताल समजत नाई. मी म्हणायची, तुला सूर कधी समजला होता? वॉर्डातल्या सिस्टर आमचं भांडण ऐकून हसायच्या.

मग एका खेपेला नेहमीच्या हाताची शीर मिळेना. सलाईन दुसऱ्या हाताला लावली, आणि मला पलंगाच्या पलीकडच्या बाजूला खुर्ची न्यावी लागली. त्यात बोंडकांची अदलाबदल झाली. नेहमीचंच वादन लावलं आणि माझ्या कानात ढोल, थाळी आणि एक जाड तारेचं वाद्य चालू झालं. सॅक्सोफोन गायब. मी भावाकडे पाहिलं. त्याचे डोळे मोठे झालेले.

"आला व," तो म्हणाला. "गाणारा आला."

त्या काळच्या ध्वनिमुद्रणात अर्धे वादक एका कानात आणि अर्धे दुसऱ्यात ठेवायचे, हे मला नंतर वाचून कळलं. आम्ही इतके दिवस एकाच वादनाचे दोन तुकडे घेऊन भांडत होतो. दोन्ही बोंडकं एकट्याने घालून पाहावीत हे दोघांनाही सुचलं नाही. कसं सुचणार? आमच्या घरात जे आलं ते अर्धं अर्धं झालं. पेरू अर्धा, चादर अर्धी, सायकल तू जाताना आणि मी येताना. तो हसायला लागला, टाक्यांची जागा ओढली गेली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसत राहिला. आजारपणात मी त्याला तेवढंच हसताना पाहिलं.

त्यानंतर आम्ही रीतसर मागे लागलो. कोण वाजवतो, ढोलावर कोण, तोच आणखी कुणाबरोबर बसला आहे, असं एकाचं बोट धरून दुसऱ्याकडे जायचं. परकी नावं आमच्या तोंडात बसेनात, म्हणून आम्ही आपली ठेवली. एक सॅक्सोफोनवाला होता, त्याच्या सुरापेक्षा श्वासच जास्त ऐकू यायचा, तो दमेकरी. पियानोवर एक, सूर मोजून मापून खर्चणारा, तो मुनीम. कर्ण्याच्या तोंडाला बूच लावून वाजवणारा एक होता, त्याच्याबद्दल भाऊ म्हणाला, "हा माह्यासारखाच. तोंड बांधलेला, तरी बोलून राहिला." शेकाने तोंड आतून सोलून निघालं तेव्हा त्याचं बोलणं जवळजवळ बंदच झालं. तेव्हा तो पलंगाच्या दांडीवर बोटांनी साथ करायचा. मी बोंडकं बदलून अर्धा वेळ सूर ऐकायची, अर्धा वेळ ताल. त्या भयंकर दिवसांत मी सलाईनच्या त्या एका दिवसाची वाट पाहायला लागले होते. हे सांगायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

एक दिवस त्याने लिहायची पाटी मागितली आणि लिहिलं, आज थाळीवाला नाई आला काय?

मी त्याच्या कानातलं बोंडूक काढून माझ्या कानात घातलं. थाळी वाजत होती, बारीक, सारखी, पावसाच्या थेंबांसारखी. इअरफोन खराब झाला म्हणाले आणि नवा आणला. नव्यातही थाळीवाला आला नाही.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. हे औषध कानांवर जाऊ शकतं, आधी बारीक आवाज जातात, कानात शिट्टी वाजली तर ताबडतोब सांगा. मी त्याला विचारलं, "शिट्टी वाजते?" तो मुश्किलीने म्हणाला, "मागच्या खेपेपासून. सांगजो नको."

"का पण?"

"औषध बदलतीन. पयलं औषध पक्कं हाय म्हणे."

मी ऐकलं नाही. सरळ डॉक्टरांकडे गेले आणि सांगून टाकलं. त्यांनी तपासणी करवली, त्याच्यासमोर बसून शांतपणे समजावलं. जेवढं ऐकू येणं गेलं तेवढं परत येणार नाही. औषध बदलता येतं, उरलेलं वाचू शकेल. बदललेलं औषधही चांगलं आहे, पण याच्याइतकं आहे अशी खात्री ते देणार नाहीत. काय करायचं ते रोग्याने ठरवायचं.

बाहेर आल्यावर मी त्याच्याशी भांडले. तू ढोलकीवाला आहेस, म्हटलं, कान गेले तर काय करशील? तो ऑटोत बसला, रुमालाने तोंड धरलं आणि म्हणाला, "कान राह्यले अन् मी नाई राह्यलो, तं आयकन कोण?"

मी ऑटोवाल्याला घराचा पत्ता सांगितला.

त्याने तेच औषध पूर्ण घेतलं. उरलेल्या खेपांना आम्ही फक्त जाड तारेवाल्यांच्या मागे गेलो. उभ्याने वाजवायचं ते पुरुषभर उंचीचं वाद्य, त्याचा खर्ज भावाला पोचायचा. मुनीम सुटला, बूचवाला सुटला. दमेकऱ्याचा वरचा सूर गेला, खालचा राहिला. जे वादन लावायचं ते मी आधी घरी ऐकून पाहायची, यात त्याच्यासाठी काय उरलं आहे ते. जॅझ ऐकायची माझी सवय अशी पडली. आजही मला पहिल्यांदा खर्जच ऐकू येतो.

तो वाचला. स्कॅन स्वच्छ निघाला. बडनेऱ्याला कामावर गेला, तिथे त्याला बसून करायचं काम दिलं. जयंतीला पार्टीवाल्यांनी त्याला मानाने बोलावलं, हार घातला आणि ढोलकी दुसऱ्याकडे दिली. तो पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत राहिला. मला मात्र त्या सगळ्यांचा संताप आला, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मी अकोल्याहून त्याला वादनं पाठवत राहिले. रोज संध्याकाळी शोधायची, त्यातलं खर्जाचं निवडायची, पाठवायची. ऐकलंस का, असं लिहिलं की उत्तर यायचं, हाव, म्हणजे हो. आवडलं का? हाव. फोनवर माझा आवाज त्याला कळत नसे, माझा आवाज मुळातच बारीक. त्यामुळे आमचं बोलणं म्हणजे एवढंच होतं. मला ते पुरत होतं. उलट मी खूश होते की एक गोष्ट तरी वाचवली.

दिवाळीच्या सुट्टीत अमरावतीला गेले तेव्हा एक नवा वादक शोधून नेला होता, नुसतं जाड तारेचं वाद्य, दुसरं काही नाही. मी मोबाइल त्याच्या पुढे धरला. त्याने तो माझ्या हातातून घेतला आणि उलटा करून मांडीवर ठेवला.

"ताई, आता पाठवत नको जाऊ," तो म्हणाला. "मले नुसती धडधड येते. कोण वाजवते, काय वाजवते, काहीच समजत नाई. दवाखान्यात शेवटी शेवटी बी नाई समजे. तू बाजूले बसून राहायची अन् तुह्या तोंडावर दिसे गाणं कसं हाय ते. म्हणून म्या हाव म्हणो, मंग तेच लिहत राह्यलो."

आतून भावजयीने चहा आणून ठेवला आणि ती परत गेली. मी त्याला विचारलं, कधीपासून रे? नेमकं कधीपासून?

त्याने माझ्या ओठांकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "हाव."