बन्सीधर खिडकीबाहेर आले

परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बन्सीधर बावीस वर्षं प्रवेशाचे अर्ज घेत होते, बारावी झालेल्यांना पुढचे अर्जही भरून देत होते. हुद्दा लिपिकाचा. दहावी-बारावीच्या निकालानंतर महिनाभर त्यांच्या खिडकीसमोर रांग असायची, आणि एरवी फायली, दाखले, शिक्के.

परभणीत करिअर मार्गदर्शन केंद्र चालवणाऱ्या मंजुषाताईंच्या एक गोष्ट लक्षात आली होती. मानवतकडून येणारी मुलं आपल्याला काय करायचंय ते बरंचसं ठरवूनच येत. त्यांनी एका मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "आमच्या कॉलेजातल्या बन्सीधर सरांनी बोलतं केलं." ताई दुसऱ्याच आठवड्यात मानवतला गेल्या आणि जानेवारीत होणाऱ्या समुपदेशकांच्या परिषदेचं आमंत्रण खिडकीतून आत सरकवलं.

"ताई, मी कारकून हाय. तिथं शिकलेल्या मानसांपुढं मी काय बोलू?"

"इथं जे करता तेच सांगा. वीस मिनिटं."

बन्सीधरांनी दोन दिवस घेतले, मग होकार कळवला.

परिषदेला मराठवाडाभरातून ऐंशीएक समुपदेशक आले होते. सकाळभर पडद्यावर आलेख येत राहिले, कलचाचण्यांवर चर्चा झाली. बन्सीधर इस्त्रीचा पांढरा सदरा घालून शेवटच्या रांगेत बसले होते. दारात मिळालेल्या बिल्ल्यावर नावाखाली 'करिअर समुपदेशक' असं छापलेलं होतं. त्यांनी तो काढून खिशात ठेवला.

जेवणानंतर त्यांचा नंबर लागला. ते बोलायला उभे राहतात न राहतात तोच नांदेडच्या नागेश नावाच्या तरुण समुपदेशकानं विचारलं, "सर, तुम्ही कोणती चाचणी वापरता?"

"चाचणी न्हाई. खिडकीच्या बाहेर येतो आन पोराजवळ बाकावर बसतो."

सभागृहात हशा पिकला. बन्सीधरही हसले. मग म्हणाले, "हे मला एका पोरीनं शिकवलं. माझ्याच चुकीवरनं."

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मल्हार नावाचे मेंढपाळ आपल्या मुलीला, बबिताला, घेऊन खिडकीशी आले होते. बारावीला बरे गुण होते. "साहेब, पोरीला नौकरी लागंल असं कायतरी लिवा," मल्हार म्हणाले. मागे चाळीसजण ताटकळत होते. बन्सीधरांनी नर्सिंगचा अर्ज भरून दिला. बबिता बापाच्या पाठीमागं उभी होती. तिनं फक्त सही केली.

दिवाळीनंतर ती एकटीच आली, पुन्हा प्रवेश घ्यायचा तर कुठली कागदपत्रं लागतील ते विचारायला. नर्सिंग अर्ध्यावर सोडून आली होती.

"का गं?"

"वार्डात जीव गुदमरतोय, सर. मेंढरू बिमार पडलं तर मला लांबूनच कळतंय. अडलेली मेंढी मी धा वर्साची असल्यापासून सोडवतेय. तिथं मात्र मला कायबी कळंना."

"मग त्या दिवशी बोलली का न्हाईस?"

"तुमी मला इचारलं कुठं? तुमी बाबाला इचारलं."

त्या दिवशी बन्सीधरांना डबा गोड लागला नाही. पुढच्या सुट्टीत त्यांनी पशुसंवर्धनाच्या पदविकेची सगळी माहिती काढली आणि स्वतः मल्हारांकडं गेले. पुढच्या वर्षी बबिताला प्रवेश मिळाला. आता ती एका पशुवैद्यांबरोबर गावोगाव जनावरांना लस द्यायला जाते.

"ती सुखात हाय," बन्सीधर परिषदेत म्हणाले, "पन तिचं एक साल माझ्यामुळं गेलं. तवापासून ज्याचं ठरलेलं नसतं त्याला मी चारनंतर थांबवतो. आईबापाला च्या प्यायला धाडतो. आन एकच इचारतो, कालेज नसलं की दिवसभर काय करतोस? मग गप बसायचं. पोरगं लवकर बोलत न्हाई. आपल्याला गप ऱ्हायचं लय अवघड जातं."

"सगळ्यांचं जमतं?" कोणीतरी विचारलं.

"न्हाई. कितीकजण घरच्यांचंच ऐकतात. काहींना तर मीच समजून घ्यायला कमी पडलो."

वीस मिनिटं झाली नव्हती, पण त्यांचं सांगून संपलं होतं. अध्यक्षस्थानी व्यंकटराव होते, तीस वर्षं या कामात घालवलेले. ते आभाराचा कागद हातात घेऊन उभे राहिले, पण त्यांनी तो वाचला नाही. म्हणाले, "माझ्या सल्ल्यानं किती मुलांचं वर्ष वाया गेलं, हे मी कधी कुणाला जाऊन विचारलंच नाही."

चहाच्या वेळी नागेश शोधत आला. "सर, मी हसलो. राग मानू नका."

"हसण्यासारखंच होतं की," बन्सीधर म्हणाले आणि त्याच्यापुढं बिस्किटांची बशी सरकवली.

जूनमध्ये निकाल लागले, तेव्हा मंजुषाताई आणि नागेश दोन दिवसांसाठी मानवतला आले. पहिल्याच दिवशी चार वाजून गेल्यावर शेजारच्या गावातल्या सरजाबाई लेकीला घेऊन आल्या. "डीएड लिवा, न्हाईतर काय बी," त्या म्हणाल्या. बन्सीधरांनी त्यांना हॉटेलाची वाट दाखवली आणि लेकीला, अर्पिताला, बाकावर बसवून नेहमीचा प्रश्न विचारला.

अर्पिता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मंजुषाताईंनी दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा बन्सीधरांनी मान हलवून थांबवलं. नागेशनं घड्याळ पाहिलं. आवारात कोणीतरी मोटारसायकल सुरू केली, ती फाटकाबाहेर गेली.

"आमच्या गल्लीत भांडण लागलं ना," अर्पिता एकदम म्हणाली, "की बाया मलाच बोलवायला येतात."

मंजुषाताईंनी हातातला डीएडचा अर्ज बाकावर पालथा ठेवला.

"आणि मग तू काय करतेस?" त्यांनी विचारलं.

अर्पिता आता बाकावर नीट वळून बसली आणि सांगू लागली.