बेस कँपपर्यंतची भीती

हिमालयात जाऊन आलेल्या माणसाजवळ किस्से साठतात, आणि सांगता सांगता तो त्यांत शूर होत जातो. माझ्याकडेही साठलेत, पण त्या सगळ्यांत मी घाबरलेलाच आहे. त्याला इलाज नाही.

सोलापुरातला मार्शल लॉ उठून दोनेक वर्षं झाली होती. मी ज्यांच्याकडे कंपाउंडर होतो ते डॉक्टरसाहेब शिखर चढायला निघालेल्या गोऱ्यांच्या तुकडीत सामील झाले. औषधांसाठी त्यांनी मला घेतलं आणि फाटके तंबू शिवायला भवानी पेठेतल्या नरसय्याला. दरीतून चालत बेस कँप गाठायचा, त्याच्या वर आमचं काम नव्हतं.

*

तिसऱ्या दिवशी दोरांचा पूल आला. खाली नदी अशी गरजत होती की बोललेलं ऐकू येईना. नरसय्याने पुढे होऊन दोर हातात धरला, बारकाईने पाहिला. हमालांचा सरदार दोरजी खूश झाला, गडी धीट दिसतो, असं ओरडून म्हणाला. नरसय्या परत आला आणि माझ्या कानाशी लागला, "पीळ सुटलाय की."

दुसरा पूल नव्हता. त्यावरूनच गेलो. पलीकडे पोचल्यावर मी विचारलं, हे मला कशाला सांगितलंस?

"एकट्याला लई भ्या वाटत हुतं."

*

पुढे दरी अरुंद झाली. आवाजाने वरचे दगड सुटतात, कुणी तोंड उघडायचं नाही, असं दोरजीने बजावलं. नेमका मला खोकला! मफलर तोंडात कोंबून चाललो. तरी एक ढास सुटलीच, आणि बैलाएवढा धोंडा माझ्या नि नरसय्याच्या मधून खाली गेला.

मोकळ्यावर आल्यावर नरसय्याने अंगावरची धूळ झटकली. मग म्हणाला, "कंपाउंडर, तुमच्या पेटीत खोकल्याचं औषध न्हाय का?"

होतं. भीतीपोटी आठवलंच नव्हतं.

*

बर्फ सुरू झाला तिथे माझी छाती धडधडायला लागली. डॉक्टरसाहेबांनी नाडी धरली. उंचीचा आजार असेल तर खाली पाठवाल का, असं मी आशेने विचारलं. त्यांनी माझा हात सोडून स्वतःची नाडी पाहिली.

"आजार नाही," ते म्हणाले. "माझीही तशीच पळतेय."

*

बेस कँपचे तंबू दिसायला लागले तेव्हा बर्फाने झाकलेली शेवटची एक भेग ओलांडायची राहिली होती. दोरजी पलीकडे जाऊन पुढची वाट शोधत होता. दोर माझ्या कमरेला बांधलेला. बर्फात रोवलेल्या कुऱ्हाडीला त्याचा वेढा, आणि टोक नरसय्याच्या हातात.

चार पावलं टाकली आणि पायाखालचा बर्फ गेला. मी भेगेत लोंबकळत राहिलो. खाली निळा अंधार, तळ दिसेना. मी ओरडलो नाही. ओरडलो तर नरसय्या दचकेल असं वाटलं. वरून त्याचं रडणं ऐकू येत होतं, मधूनच त्याच्या घरच्या तेलुगूत देवाचा धावा. दोर मात्र ताठ होता.

दोरजी हमालांना घेऊन आला, मला वर ओढलं. नरसय्याच्या तळहातांची सालटी निघाली होती. डॉक्टरसाहेबांनी त्याची पाठ थोपटली. मी त्याचे पाय धरायला वाकलो तर तो मागे सरकला.

"पाया नगा पडू," तो म्हणाला. "म्या सोडणारच हुतो, कंपाउंडर. बोटंच उघडंनात."